काचेतला नाग

नमस्कार श्रोतेहो.

१९८१ साली स्टीव्हन स्पीलबर्गचा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो थिएटरात नाहीतर टीव्हीवर बघितला असेल. इंडियाना जोन्स जमिनीखालच्या पुरातन दालनात उतरतो, तोल जाऊन पडतो आणि मान वर करतो तर तोंडासमोर फणा काढलेला नाग. पोटात गोळाच येतो. पण दृश्य तिथंच थांबवून नीट बघितलं, तर फण्यासमोर आणखी एक फणा दिसायचा, पुसट. नाग आणि नट हॅरिसन फोर्ड यांच्यामध्ये काच उभी केली होती आणि दिव्यांच्या उजेडात नाग त्या काचेत उमटला होता.

त्याच दालनात जमिनीवर जे काही वळवळतंय, तेही सगळे साप नाहीत बरं का. त्यात पुष्कळसे बिनपायांचे सरडे आहेत. सापाला बाहेरून कानाचं भोक नसतं, या सरड्यांना असतं. आपल्याकडच्या सर्पमित्रांनी असलं दृश्य बघितलं तर घाबरायचं सोडून ते कानच शोधत बसतील.

तर मुद्दा काचेचा. २००३ साली या सिनेमाची डीव्हीडी काढताना ते प्रतिबिंब संगणकावर पुसून टाकलं. आता काच दिसत नाही, दृश्य स्वच्छ झालं. मला मात्र हे पटलेलं नाही. नाग खराखुरा होता आणि त्याच्यासमोर जिवंत माणूस पडला होता, याचा पडद्यावरचा पुरावा म्हणजे ते प्रतिबिंब. आज संगणकावर नाग तयार करतात. त्याला काच लागत नाही, आणि बघणाऱ्यालाही घाम फुटत नाही.

याच्या उलट उदाहरण 'स्टार वॉर्स'चं. १९७७ सालचा सिनेमा. पांढऱ्या चिलखतातले सैनिक रुबाबात एका खोलीत घुसतात. उजव्या बाजूचा गडी जरा उंच, दार पुरतं वर गेलेलं नाही, आणि त्याचं डोकं आदळतं चौकटीवर. संकलनात हे तसंच राहिलं. चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलं. मग दिग्दर्शक जॉर्ज लुकासनं काय करावं? २००२ सालच्या भागात, ज्या माणसापासून अख्खी फौज तयार होते, तोही आपल्या यानात शिरताना डोकं आपटून घेतो. म्हणजे खोड घराण्यातलीच! आणि २००४ च्या डीव्हीडीत जुन्या सैनिकाच्या डोक्याला 'ठक्' असा आवाजही दिला. चूक पुसायच्या ऐवजी तिला आवाज देणं, ही माझ्या मते रसिकता. लुकासनं त्याच सिनेमात नंतर इतर अनेक बदल केले, ते मला आवडत नाहीत, पण या 'ठक्'साठी माफ.

आपल्या सोलापुरात चूक पकडायला डीव्हीडी कधीच लागली नाही. स्टॉलमधून आवाज यायचाच, 'अबे, हात दिसले की बे!' हे कुठल्या सिनेमाबद्दल, ते सांगायची गरज नाही. १९७५ चा 'शोले'. ठाकूरचे हात गब्बरनं तोडलेत, पण शेवटच्या मारामारीत सदऱ्याच्या आत संजीवकुमारचे हात लपवलेले कळतात. आणि दुसरी चूक तर पोरासोरांना पाठ: गावात वीज नाही, संध्याकाळी कंदील लावतात, मग एवढी उंच पाण्याची टाकी कशाला आणि तिच्यात पाणी चढवतं कोण? शंका बिनतोड आहे. पण टाकी नसती, तर वीरू चढला असता कुठं? रामगढ हे गावच मुळी बंगळुरूजवळ रामनगरच्या खडकांत उभं केलेलं. कलादिग्दर्शक राम येडेकर. आधी प्रसंग ठरतो, मग त्याच्या सोयीनं गाव बांधतात. टाकी तिथं पाण्यासाठी नाही, वीरूसाठी आहे.

आता या चुका होतात कशा? सिनेमा आपण बघतो त्या क्रमानं काढत नाहीत. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, तेव्हा आधी एकाच्या बाजूनं सगळं चित्रण उरकतात, मग दिवे, कॅमेरा हलवून दुसऱ्याच्या बाजूनं. मध्ये जेवणाची सुट्टी झाली, कोणी तहान लागली म्हणून समोरचा पेला अर्धा केला. पडद्यावर एका वाक्यात पेला भरलेला, पुढच्या वाक्यात अर्धा, तिसऱ्यात पुन्हा भरलेला. म्हणून सेटवर एक सहायक फक्त कंटिन्युटी सांभाळतो. बटण लावलेलं होतं की उघडं, जखम डाव्या गालावर की उजव्या, घड्याळात किती वाजले होते, सगळं लिहून ठेवायचं. पूर्वी जागच्या जागी फोटो देणारा पोलरॉइड कॅमेरा वापरायचे, आता मोबाइल. काम किचकट, आणि त्याचं नाव लोकांना आठवतं ते फक्त चूक झाली तर.

पण काही चुका इतक्या मोठ्या असतात, की कोणाला दिसल्या नाहीत हे शक्यच नाही. १९९३ चा 'ज्युरासिक पार्क' घ्या. पाऊस, रात्र, बंद पडलेल्या गाड्या, कुंपणाचा वीजपुरवठा गेलेला. पेल्यातल्या पाण्यात गोल तरंग उठतात. हे तरंग काढायला गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावली होती, ती खालून छेडायची. मग टी-रेक्स कुंपण तोडून रस्त्यावर येतो. कुंपणापलीकडे, गाडीच्या चाकांच्या पातळीलाच, जमीन होती. थोड्या वेळापूर्वी तिथं बकरी बांधलेली आपणच बघितली. आणि थोड्याच वेळात तो गाडी ढकलतो, तेव्हा तिथंच खोल दरी! माणसं तारेला लोंबकळतात, गाडी झाडात अडकते. चाहत्यांनी या जागेचे नकाशे काढून दरी आली कुठून याचा खल केला आहे.

संकलकाला हे कळलं नसेल? वॉल्टर मर्च हे हॉलिवूडचे दुसरे एक नावाजलेले संकलक. एक तुकडा कुठं तोडायचा हे ठरवताना कशाला किती किंमत द्यायची, याचं एक प्रमाणच त्यांनी मांडलंय. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०. आणि कोण कुठं उभं आहे, जागेचा मेळ बसतो की नाही, याला शेवटी ४ टक्के. म्हणजे भीती साधत असेल, तर दरी जाऊ दे खड्ड्यात. त्या क्षणी प्रेक्षक जमिनीची मोजणी करत नसतो, खुर्चीचा हात धरून बसलेला असतो. ज्याला दरी पहिल्याच वेळी खटकली, त्याच्यापुरता सिनेमा फसला म्हणायचा. मला विचाराल तर मर्च यांचं गणित बरोबर आहे.

काही वेळा मात्र कारण इतकं थोर नसतं. खिशात पैसे नसतात, एवढंच. जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन', १९७८. गोष्ट ऑक्टोबर अखेरची, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या गावातली. चित्रण झालं वसंतात, कॅलिफोर्नियात, हिरव्यागार झाडांखाली. मग पानगळ आणायची कुठून? रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पिशवीत भरायची, पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. पानांची सोय झाली, पण मागं उभ्या असलेल्या ताडांसारख्या झाडांचं काय करणार? ती दिसतातच. खुन्याचा मुखवटाही दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, आणि जगभर लोक त्याला भ्यायले.

आपल्याकडचा 'तुंबाड' आठवा, २०१८ चा, राही अनिल बर्वे यांचा. त्यातला पाऊस बराचसा खरा. त्यासाठी एकाहून जास्त पावसाळे चित्रण चाललं. आपण सोलापूरकर, पावसाची वाट बघण्यात आपला हात कोण धरणार? पण पाऊस आला तरी तो कॅमेऱ्यात उमटेलच असं नाही. समोरून उजेड असला की धार दिसतच नाही, मागून उजेड लागतो. ढग हलले, उजेड बदलला, की सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जुळत नाही. त्या सिनेमातली भेसूर म्हातारी आजी आणि नायकाचा मुलगा, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाच्या आहेत. पहिल्यांदा बघताना हे ओळखलं असं कोणी म्हणालं, तर माझा विश्वास बसणार नाही.

एका भूमिकेतून दुसरीत जाण्याची ही रीत आपल्या सिनेमाएवढीच जुनी. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम अण्णा साळुंके, आणि सीताही अण्णा साळुंकेच.

जाता जाता एक सावधगिरी. पडद्यामागचे किस्से जेवढे रंगतदार, तेवढे तपासून घ्यावेत. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ओझ'मध्ये मागच्या झाडीत एक बुटका नट गळफास घेतलेला दिसतो, अशी वदंता वर्षानुवर्षं फिरते आहे. तिथं हलतोय तो एक मोठा पक्षी. जंगलाला शोभा यावी म्हणून सेटवर पक्षी सोडले होते, त्यातलाच एक पंख पसरतो. चित्रफीत धूसर होती, तोवर फाशी दिसायची. प्रत स्वच्छ झाल्यावर पक्षी दिसतो, तरी गोष्ट मरत नाही.

हाताच्या कामाची गंमत काय असते, ते जपानच्या 'गॉडझिला'त कळतं. १९५४ साल. राक्षसाच्या पोशाखात हारुओ नाकाजिमा नावाचा नट. पहिला पोशाख शंभर किलोच्या घरात, इतका ताठर की चार पावलं टाकणं मुश्कील. तो टाकून दिला नाही, मधोमध कापला आणि पायांच्या जवळच्या दृश्यांना वापरला. आणि ती डरकाळी कुठल्याही जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा ओढायला लावला.

आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांमधल्या आजी-आजोबांना मी हे सगळं सांगायला लागलो, तर ते म्हणतील, हे ठीक आहे, पण 'मायाबाजार'चं काय? त्यांचं बरोबर आहे. १९५७ चा सिनेमा, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच लग्नाच्या पंगतीतलं जेवण एकटाच फस्त करतो आणि लाडू आपण होऊन उडत त्याच्या तोंडात जातात. सिनेमातली द्वारका म्हणजे ५० बाय ६० फुटांत मांडलेली छोटी छोटी तीनशे घरं, त्यात विजेचे दिवे. आणि छायालेखक मार्कस बार्टली यांचं चांदणं! 'लाहिरी लाहिरी' गाण्यात नाव पाण्यावर चाललीय, वर चंद्र. हा सगळा खेळ काळ्या, पांढऱ्या आणि मधल्या करड्या छटांवर उभा केलेला.

२०१० साली हा सिनेमा संगणकावर रंगवून पुन्हा थिएटरात लागला. नव्या पोरांनी तो त्यामुळेच बघितला, हे मी नाकारत नाही. पण बार्टलींनी ज्या करड्या छटांतून रात्र उभी केली, तिला नंतर बसून निळा-जांभळा रंग दिला तर ते काम त्यांचं राहतं का? दोन्ही प्रती आज मोबाइलवर मिळतात. या रविवारी घरातल्या आजीला शेजारी बसवा, नावेचं गाणं आधी काळंपांढरं लावा, मग रंगीत, आणि यातलं चांदणं कुठलं म्हणून तिलाच विचारा.

नमस्कार.