जुलाब किती झाले ते सांगा

मार्चमध्येच सोलापूर असं तापलंय आणि तुम्ही ड्युटी करून इथं बसलाय, म्हणून लांबण लावत नाही. मावश्या आणि मामांना मुद्दाम पुढं बसवलंय बरं का, कारण लिव्हरचा पेशंट बिघडायला लागला की डॉक्टरांच्या आधी ते कळतं बेडपॅन उचलणाऱ्याला.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव नको. लिव्हर सिरोसिसचा, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेला पेशंट, लॅक्ट्युलोज चालू होतं, म्हणजे ते गोड पातळ औषध. त्याला दिवसातून तीनदा झालं, मला वाटलं जुलाब लागलेत, मी आपलं औषधच थांबवलं. दुसऱ्या रात्री तो बडबडायला लागला, बायकोला ओळखेना, आणि मी झोपेचं इंजेक्शन मागायला निघालेले! तेवढं मात्र सीनियर सिस्टरनी अडवलं, झोपेच्या औषधानं अशा पेशंटची शुद्ध आणखी हरपते.

आतड्यात अमोनिया तयार होतो, तो लिव्हरनं साफ करायचा, लिव्हरच थकलंय म्हटल्यावर तो मेंदूपर्यंत जातो, लॅक्ट्युलोज त्याला खालून बाहेर काढतं. म्हणून दिवसात दोन ते तीन मऊ शौच व्हायलाच पाहिजेत, एकही नाही झालं तरी सांगा आणि पाच-सहा पाण्यासारखे झाले तरी सांगा, अंगातलं पाणी गेलं तरी पेशंट गुंगतोच. ड्युटी बदलताना हँडओव्हरला "मोशन झालं" एवढंच नको, आकडा पाहिजे.

आणि मेंदूवर परिणाम व्हायला लागलाय का ते कळायला रोज सकाळी कागदावर सही घ्या. तेलुगूत करू दे, कन्नडमध्ये करू दे, आपल्याला थोडीच वाचायचीय, कालच्यासारखी आहे का तेवढं बघायचं. अंगठेबहाद्दर असेल तर चांदणी काढायला लावा. हात पुढं करून पंजे मागं ताणायला सांगा, ते फडफडले की डॉक्टरांना फोन, मग रात्रीचे दोन का वाजेनात. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही.

"दारुडा आहे" हे बेडशेजारी उभं राहून बोलायचं बंद करा. सिरोसिस हिपॅटायटिस बी, सी नं होतं, शुगर आणि लठ्ठपणानं होतं, आणि दारूनं झालं असलं तरी त्याला ऐकू येतंच की.

आता जेवण. पोटात पाणी असेल तर दिवसाचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा चमचाभर. आपल्याकडं डब्यात शेंगाचटणी येणारच, ती काढून घेऊन भांडण करू नका, बिनमिठाची करून आणा म्हणा, शेंगा चांगल्याच आहेत. डाळ, अंडी, दूध बंद करायचं हे जुनं झालं, आता प्रोटीन रोज वजनाच्या किलोमागं 1.2 ते 1.5 ग्रॅम द्यायचं म्हणतात. वॉर्डात सातला जेवण आटोपतं ते थेट सकाळच्या चहापर्यंत काही नाही, एवढा वेळ उपाशी ठेवला की लिव्हरवाल्याचं शरीर स्वतःचेच स्नायू खातं. रात्री दहाला दूध-भाकरी द्यायची. ती कोण देणार, नाईटवाली की सेकंड शिफ्टवाली, ते आत्ताच ठरवू, नाहीतर उद्या दोघी एकमेकींकडं बोट दाखवणार. बोला, कोण घेतंय?