आभासी प्रयोगशाळेत अभिक्रियेची उष्णता

ही केमकलेक्टिव्हची आभासी प्रयोगशाळा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेली, ब्राउझरमध्ये मोफत उघडणारी. कपाटातून १ मोलर (म्हणजे लिटरमागे १ मोल; मोल हे पदार्थाचे कण मोजण्याचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड बाहेर काढू.

भांडं निवडताना मात्र घाई नको. हात सवयीनं काचेच्या चंचुपात्राकडे जातो. पण हा प्रोग्राम भांड्यातून निसटणारी उष्णताही धरतो. काचेत तापमान चढतं आणि तुम्ही आकडा लिहून घेईपर्यंत उतरायलाही लागतं. थर्माकोलचा कप घ्या.

कपात ५० मिलिलीटर आम्ल ओता. आकडा टाकून ओतण्याची पद्धत निवडा, अंदाजानं नको. तापमान २५.० अंश सेल्सिअस. आता ५० मिलिलीटर अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तापमान ३१.७च्या आसपास स्थिरावतं. वाढ ६.७ अंश.

इथून पुढचं काम कागदावरचं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. तापलं काय? कपातलं सगळं द्रावण, म्हणजे १०० ग्रॅम. अनेक जण फक्त आम्लाचे ५० ग्रॅम धरतात आणि उत्तर निम्मं येतं. १ ग्रॅम पाणी १ अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल लागतात; द्रावणालाही तेच धरू. १०० गुणिले ४.१८ गुणिले ६.७, म्हणजे सुमारे २८०० ज्यूल. अभिक्रियेत आलेले मोल ०.०५. भागाकार केला की ५६ किलोज्यूल प्रति मोल. उष्णता बाहेर पडली, म्हणून चिन्ह ऋण.

पुस्तकात ५७च्या पुढचा आकडा वाचला असेल, तर गोंधळू नका. २५ अंशांना, अतिविरल द्रावणात, ही किंमत ५५.८ आहे, १८ अंशांच्या आसपास तीच ५७च्या वर जाते. तापमान न सांगता दिलेला आकडा अर्धवटच म्हणायचा.

आता दोन्ही द्रावणं शंभर-शंभर मिलिलीटर घ्या. तापमान किती वाढेल? तेवढंच, ६.७. उष्णता दुप्पट झाली, पण तापवायचं पाणीही दुप्पट झालं. वाढ दुप्पट हवी असेल तर द्रावणं २ मोलर घ्यावी लागतील.

या प्रयोगशाळेचा खरा उपयोग पुढे आहे. १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेस यांनी मांडलेला नियम इथे तपासता येतो: अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता तेवढीच. २ ग्रॅम घन सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवा: वाढ सुमारे ५.२ अंश. तेवढंच घन, दुसऱ्या कपात, १०० मिलिलीटर ०.५ मोलर आम्लात टाका: सुमारे ११.८. विरघळण्याचे ५.२ आणि उदासिनीकरणाचे, म्हणजे आम्ल-अल्कलीच्या अभिक्रियेचे, ६.७ मिळवा, ११.९ होतात. उरलेला फरक मुख्यतः वस्तुमानाचा, कारण इथे द्रावण १०० नव्हे, १०२ ग्रॅम आहे. मोलच्या हिशेबात दोन्ही वाटांनी साधारण उणे १०० किलोज्यूल.

खऱ्या टेबलावर ही बेरीज इतकी सहज जुळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या उघड्यावर ओल धरतात, म्हणून तराजूवरचे २ ग्रॅम पूर्ण २ नसतात. थर्मामीटर आणि कपही थोडी उष्णता पितात. विरघळायला वेळ लागतो, तेवढ्यात कप निवू लागतो. त्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा, आलेख काढा आणि उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवा. ती जिथे पोचते, तेच कमाल तापमान धरायचं.