बोंबील थांबतो तिथे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘तिथी आणि फोटो’. त्याकडे मी येणारच आहे. पण हे सगळं ज्याच्यामुळे सुरू झालं त्याची ओळख आधी करून देतो. पडद्यावर जो तांबूस गावठी कुत्रा दिसतोय, तो बोंबील. पिल्लू होता तेव्हा इतका लांबट आणि हडकुळा, की आमच्या शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘अगोबाई, हा तर वाळत घातलेला बोंबील!’ तेच नाव पडलं. आता चांगला भरलाय अंगानं. हर्णै बंदरात संध्याकाळी लिलावाच्या गर्दीत मी ‘बोंबील, इकडे ये’ अशी हाक मारली, की चार कोळणी टोपली सावरत वळून बघतात. हसा, हसा. कुत्रा पाळणारे किती जण आहेत इथे? हात वर करा बघू. बरेच आहेत. मग पुढचं तुम्हाला लगेच पटेल.

2018 साली मी शाळेतून निवृत्त झालो आणि मुरूडच्या घरी कायमचा राहायला आलो. दापोली तालुक्यातलं आमचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. दरवेळी हे सांगावंच लागतं. पहाटे सहाला आम्ही निघतो. पाखाडी, माड-पोफळीच्या वाड्यांच्या मधली बोळ, दुर्गादेवीच्या देवळाची मागची बाजू, मग सुरूचं बन आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. माणसाला वाटतं कुत्र्याला रोज नवीन जागा हवी. तसं अजिबात नसतं. काल इथून कोण गेलं, हे त्याला त्याच दगडाशी, त्याच खांबाशी वाचायचं असतं. बोंबील रोज सात ठिकाणी थांबतो. तो हुंगत असताना मी नुसता उभा राहायचो. मग खिशातला फोन काढायला लागलो. सात जागा, सात फोटो. वर्षाला अडीच हजार. फोन बदलले, जागा बदलल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, यात बघण्यासारखं काय? मावळता सूर्य आणि पुढे वाकलेला माड, असा फोटो आमच्या गावात येणारा प्रत्येक पाहुणा काढतो. तो फोटो कुठल्याही गावाचा असू शकतो. हा बघा. तिसऱ्या थांब्याचा आहे. काकींच्या वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, त्याच्या फटीतून आलेलं नेच्याचं रोप, मागे पोफळी आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेले माड. बेड्याला सुंभाची, म्हणजे काथ्याच्या दोरीची, गाठ आहे. 2018 च्या फोटोत ती सुंभाचीच आहे, पुढच्या पावसात निळ्या नायलॉनची झाली, कारण काकींच्या हाताला सुंभ वळणं होईना. काकींनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला ते फोटोत दिसलं.

आणि मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वादळ दुपारी वर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं, पण आपल्या दापोली-मंडणगडानं काय सोसलं ते या सभागृहात मी सांगायची गरज नाही. कौलं उडाल्याचा आवाज तुमच्या सगळ्यांच्या कानात आहे. कित्येक आठवडे वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोंबील नेहमीसारखा निघाला आणि तिसऱ्या थांब्यापाशी गेला, तर थांबायला जागाच नव्हती. बेडं गेलं होतं. गडग्यावर माड आडवे. पोफळी तर कंबरेत मोडलेल्या, काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा. तो बराच वेळ तिथेच फिरत राहिला. त्या दिवशी मी फोटो काढला, पण हात थरथरत होता. फोटो हललेला आहे. तो मी आज लावलेला नाही.

पंचनाम्याला माणसं यायच्या आधी वाट मोकळी करणं भाग होतं. गावातल्या पोरांनी झाडं तोडून बाजूला केली, काही लाकूड गेलं, काही कुजलं. मग प्रश्न आला, वाडीत झाडं होती किती? काकींना तोंडपाठ होतं: चौतीस माड, पोफळी दोनशेच्या वर. प्रत्येक माड कुणी लावला तेही ठाऊक. पण लिहून घेणाऱ्याला बुंधे मोजायचे होते, आणि अर्धे बुंधे मुळासकट उपटून हलवलेले.

मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे आहे की! दोन वर्षांचे रोजचे फोटो. रात्रभर बसून मी त्यातले बारा निवडले, वेगवेगळ्या महिन्यांतले. फोन चार्ज करायला शेजारच्या गावातल्या जनरेटरवर रांग लावली. वीज आल्यावर ते फोटो मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडले, त्यानं छापून आणले. त्यांवर पेननं एकेका माडाला आकडा घातला. एकोणतीस स्पष्ट मोजता येत होते. काकींना घेऊन कचेरीत गेलो. समोरच्या गृहस्थांनी फोटो उलटसुलट केले आणि विचारलं, ‘यावर तारीख कुठंय? आणि ही यांचीच वाडी कशावरून?’ मूळ फोनमध्ये तारीख होती, पण फोन त्यांनी हातात घेतला नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून, तो काढल्याची तारीख-वेळ गळून जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काकी एवढंच म्हणाल्या, ‘चला, बोंबलाला भूक लागली असेल.’ पंचनाम्यात जागेवर बुंधे होते तेवढेच धरले गेले. मला अजून त्या टेबलाचा राग येतो.

आमच्या मुरूडला हा अनुभव नवा नाही. महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले ते मुरूडला. शाळकरी वयात परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि सतरा वर्षांचे असूनही लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. मुलगा समोर उभा, आणि तरी खात्री पटेना! मी पुळणीवरून चालताना ही गोष्ट पुष्कळदा...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. आठ मिनिटं. बरं, मूळ विषय.

त्या दिवसापासून मी प्रत्येक फोटोला तारीख लावतो आणि शेजारी तिथी. तारीख कचेरीसाठी, तिथी समुद्रासाठी. आपल्या वाडवडिलांची रीत तुम्हाला माहीत आहे: तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांत तेच. म्हणजे मी घड्याळाप्रमाणे रोज सहाला निघतो, पण समुद्र रोज पाऊण तासाच्या आसपास सरकतो. पौर्णिमेला सहा वाजता ओहोटी नुकती वळलेली, पुळण दूरवर उघडी. अष्टमीला त्याच वेळी पाणी भरलेलं, पण भांगेचं, फार वर न येणारं. आता 10 जानेवारी आणि 10 फेब्रुवारीचे फोटो शेजारी ठेवून तुम्ही म्हणालात की किनारा खाल्ला, तर ते खोटं ठरू शकतं. पौर्णिमा पौर्णिमेशेजारी ठेवा. मग दिसतं ते खरं.

हे बघा, भराभर दाखवतो. सहावा थांबा, सुरूचं झाड. माघी पौर्णिमा: मुळं वाळूत. श्रावणातली: मुळं हातभर उघडी, कारण पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात. कार्तिकातली: वाळू परत आलेली, पण मुळाचा वरचा वेढा अजून बाहेर. पुढच्या माघीला तो बाहेरच राहिला, तर लक्ष द्यायचं. फुटपट्टी म्हणून मी त्या मुळाशी बोंबलाला बसवतो. उंची कायम तीच.

काढायचं कसं, तर फोन छातीला टेकवून, झूम न करता, रोज एकाच खांबाला पाठ लावून. मूळ फाइल जपायची, पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. फोटोत काहीतरी न हलणारं हवं: गडगा, देवळाचा कळस, हर्णैच्या बाजूचा सुवर्णदुर्ग. आणि कासवांच्या दिवसांत कुत्र्याला साखळी, ही माझी कळकळीची विनंती. कुत्री अंडी उकरतात. बोंबीलही उकरेल, तो काही संत नाही.

वाड्यांसाठी हेच जास्त निकडीचं आहे. प्रत्येकानं आपल्या बेड्यापासून वर्षातून चार फोटो काढावेत, झाडं मोजता येतील असे. काकींनी नवे माड लावलेत, बावीस. शेवटच्या फोटोत आहेत बघा, बोंबलाच्या पाठीइतके. बेड्याला पुन्हा सुंभ आहे. तो मी वळतो.

वेळ संपली. उद्या षष्ठी, भरती साडेचारला, सहापर्यंत पाणी उतरायला लागलेलं असेल. ज्यांना यायचंय त्यांनी पावणेसहाला देवळामागे यावं. बोंबील कुणासाठी थांबत नाही.