मानवी हक्कांचा कायदा बदलायचा, पण कोणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

मानवी हक्कांचा कायदा आता जुना झाला, तो बदलायला हवा, असं निरनिराळ्या देशांची सरकारं अधूनमधून म्हणत असतात. ऐकून घ्यायला हरकत नाही. कायदा माणसांनी केला, तो दुरुस्तही माणसांनीच करायचा. पण असा प्रस्ताव आला की मी आधी एवढंच पाहते: ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला दाद मागणं यामुळे सोपं होणार की अवघड?

ब्रिटनमध्ये १९९८ साली मानवी हक्क कायदा झाला. तोवर युरोपीय मानवी हक्क करारातल्या हक्कांसाठी तिथल्या नागरिकांना फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत जावं लागे. या कायद्यामुळे २००० सालापासून तीच दाद आपल्याच देशातल्या न्यायालयात मागता येऊ लागली. जून २०२२ मध्ये तिथल्या सरकारने हा कायदा रद्द करून त्याच्या जागी दुसरा आणण्यासाठी विधेयक मांडलं. त्यानुसार तक्रारदाराने आपलं मोठं नुकसान झाल्याचं आधी दाखवायचं, परवानगी मिळवायची, मगच खटला चालायचा. शिवाय नागरिकाच्या रक्षणासाठी यंत्रणेने स्वतःहून पावलं उचलावीत, ही जी जबाबदारी न्यायालयं सरकारवर टाकतात, तिला आवर घालायचा होता.

ही दुसरी तरतूद कानाला रुक्ष लागते. तिचं गांभीर्य एका खटल्यावरून कळतं. लंडनमधला एक टॅक्सीचालक गाडीत बसलेल्या स्त्रियांना पेयातून गुंगीचं औषध देऊन त्यांच्यावर अत्याचार करायचा. तक्रारी होत होत्या, पण पोलिसांनी धड तपास केला नाही आणि तो मोकाट राहिला. पुढे दोन पीडित स्त्रियांनी पोलिसांनाच न्यायालयात खेचलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इतक्या गंभीर गुन्ह्याचा तपास नीट न करणं, हाही अमानुष वागणुकीपासून संरक्षण मिळण्याच्या हक्काचा भंग ठरला. पोलिसांनी त्या स्त्रियांना बोटही लावलं नव्हतं. जे करायला हवं होतं ते त्यांनी केलं नाही, त्याचा हा जाब होता. त्या विधेयकाने नेमक्या अशाच जाबाची वाट अरुंद केली असती. जून २०२३ मध्ये ते सोडून देण्यात आलं, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

लोकांनी निवडून दिलेल्या संसदेपेक्षा न्यायाधीश मोठे कसे, असं बदलाचे समर्थक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ब्रिटनच्या त्या कायद्यातच त्याचं उत्तर आहे. संसदेने केलेला एखादा कायदा हक्कांशी विसंगत असला, तर न्यायालय तसं जाहीर करू शकतं. तो रद्द करू शकत नाही. पुढचा निर्णय संसदेचा. एवढी मर्यादा पाळणारा कायदाही ज्यांना जाचतो, त्यांना संसदेची काळजी आहे की स्वतःच्या सोयीची, हा प्रश्न मला पडतो.

मग सुधारणा नकोच का? हवी, आणि तातडीने हवी, पण ती अंमलबजावणीत. स्ट्रासबर्गच्या न्यायालयात २०११ च्या अखेरीस दीड लाखाहून अधिक तक्रारी पडून होत्या. त्याआधी, २०१० मध्ये, एक बदल लागू झाला होता: उघडपणे न टिकणारी तक्रार एकच न्यायाधीश निकाली काढू शकेल. काही वर्षांत ढीग निम्म्याहून कमी झाला. हे चांगलंच झालं. मात्र त्या काळात कित्येकांना आपली तक्रार का फेटाळली, याची कारणंसुद्धा धड मिळाली नाहीत. आयुष्यभराचं दुःख घेऊन आलेल्या माणसाला निदान कारण तरी कळायला हवं. वेग हवा, पण असा नको.

संयुक्त राष्ट्रांकडे तर मानवी हक्कांसाठी वेगळं न्यायालयही नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९६६ चा. त्याच्यावर देखरेख ठेवायला अठरा तज्ज्ञांची मानवी हक्क समिती आहे. एखाद्या व्यक्तीची तक्रार ती ऐकते, पण त्या देशाने त्यासाठीचा वेगळा जोडकरार मान्य केला असेल तरच. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये समलिंगी संबंध गुन्हा होते. समितीने १९९४ साली हा कराराचा भंग असल्याचं सांगितलं, त्याच वर्षी केंद्र सरकारने कायदा केला आणि १९९७ मध्ये टास्मानियानेही जुनी कलमं काढली. ऑस्ट्रेलियाने ऐकलं म्हणून हे घडलं. एखाद्या सरकारने कानाडोळा केला, तर समितीच्या हाती पाठपुरावा करत राहण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. इथे बळ द्यायला हवं.

आणखी एक मोठी उणीव आहे. हे करार बांधतात ते सरकारांना. अनेक देशांत पसरलेल्या कंपनीने नदी नासवली किंवा मजुरांना राबवून घेतलं, तर तिला थेट जाब विचारणारा जागतिक करार नाही. २०११ साली संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती कंपन्यांवर बंधनकारक नाहीत. बंधनकारक करारासाठी संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क परिषदेने २०१४ मध्ये कार्यगट नेमला आणि त्यानंतरची दहा वर्षं मसुद्यांवर चर्चा करण्यात गेली. कायदा सुधारायची ज्या सरकारांना खरोखर निकड आहे, त्यांनी हा मसुदा आधी पुरा करावा.