घरचंच लगीन हाय!

मंडळी, कोल्हापुरात गाण्याचा विषय निघाला की आपण थेट थोर गायक उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांपाशी जातो. जायलाच पाहिजे. पण त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब अंबाबाईच्या देवळात गाण्याची सेवा करत होते, हे सांगताना मात्र आपण जरा घाई करतो. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखे मोठे गवई ज्यांच्याकडं शिकले, त्यांचं हे काम! देवळात आलेला माणूस दर्शनाला आलेला असतो, गाणं ऐकायला नव्हे. लग्नातला माणूसही तसाच, अक्षता टाकायला आणि जेवायला आलेला. अशांपुढं वाजवणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि लग्नात वाजवणारी आपली पोरं ती दर लगीनसराईला शिकतात.

मंगलाष्टकांचंच बघा. आधी भटजी एका पट्टीत म्हणतात, मग नवरीची आत्या माईक घेते आणि तिसऱ्याच पट्टीत सुरू होते. दुसऱ्या ओळीला ती आणखी वर सरकते. कीबोर्डवरच्या पोरानं तेवढ्यात सूर धरायचा, तोही तिला न कळता. शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट खाली येतो, त्याच क्षणाला सनई, ताशा, सगळं एकदम उठलं पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तर मांडवाला कळतं. कुठल्या परीक्षेत विचारतात हो हे?

हलगीची गोष्ट तर आपल्या मातीतली. कड्यावर ताणलेलं कातडं, एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्यात लांब बारीक काडी. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते जाळावर शेकायचं. सोबत घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं. खासबागेच्या मैदानात कुस्तीला रंग चढला की हलगी तिच्याबरोबर चढते. वाजवणाऱ्याची नजर पैलवानाच्या पायावर असते. वरातीत तीच नजर नवरदेवाच्या मित्रांवर. पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजानं ही कला सांभाळली आणि बदल्यात त्यांना मांडवाबाहेर बसवलं गेलं. आज तालमीतली सगळ्या घरांतली पोरं हौसेनं हलगी गळ्यात अडकवतात. वाद्याला मान आला, चांगलं झालं. वाजवणाऱ्यांची पंगत मात्र बऱ्याच ठिकाणी अजून शेवटचीच आहे, तेही भात उरला तर.

आता पैशाचं बोलतो, कारण दुसरं कुणी बोलत नाही. सुपारी ठरताना यजमान खांद्यावर हात ठेवतो, “भावा, घरचंच लगीन हाय, तुझं-माझं काय?” केटरिंगवाल्याला हे कुणी म्हणत नाही! डेकोरेशनवाला इसार घेतल्याशिवाय एक बांबू रोवत नाही. पोरांनी टेम्पोचं भाडं खिशातून घालायचं, वर “तुला स्टेज मिळालं की” हे ऐकून घ्यायचं. माझं स्पष्ट मत आहे, पोरांनो: मित्राच्या लग्नात फुकट वाजवायचं तर आहेर म्हणून वाजवा, आणि तसं तोंडावर सांगा. बाकी ठिकाणी इसार, वेळ आणि जादा तासाचा दर कागदावर घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलंत तरी चालेल.

कायद्याच्या दोन गोष्टी. लग्नात सिनेमाची गाणी वाजवली म्हणून लायसन्सचे पैसे मागायला कुणी आलं तर घाबरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नं धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट दिली आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले कार्यक्रम त्यात येतात, असं तिथंच स्पष्ट केलं आहे. तिकीट लावून ऑर्केस्ट्रा केलात तर ही सूट नाही. दुसरी गोष्ट रात्री दहाची. पुष्कळांना वाटतं, बंदी फक्त स्पीकरला आहे, हलगीला कोण विचारतंय? ध्वनिप्रदूषणाच्या नियमात उघड्यावरची वाद्यंही येतात, रात्री दहा ते सकाळी सहा. बंदिस्त हॉलची गोष्ट वेगळी. वरात निघायला साडेनऊ वाजवायचे आणि दहाला पोलीस आले की पोरांना पुढं करायचं, हा प्रकार यजमानांनी बंद करावा. मुहूर्त सांभाळता, तशी वरातीची वेळही सांभाळा.

पुढच्या महिन्यात ज्यांच्या घरी कार्य आहे असे बरेच जण समोर दिसताहेत. सुपारी द्याल तेव्हा वाजवणाऱ्यांची ताटं किती आणि कितव्या पंगतीला, हे केटरिंगवाल्याच्या यादीत आधीच घाला.