अंपायरचा सुटलेला 'न'

श्रोतेहो, नमस्कार. चेंडू पॅडवर आदळतो, अख्खा संघ ओरडतो आणि सगळ्यांचे डोळे एका माणसाच्या बोटाकडे लागतात. तो माणूस म्हणजे अंपायर. हा शब्द क्रिकेटपेक्षा कितीतरी जुना आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' असा शब्द होता. 'नॉन' म्हणजे नाही आणि 'पेर' म्हणजे बरोबरीचा, जोडीचा. इंग्रजीतला 'पेअर' याच घराण्यातला. भांडणाऱ्या दोघांची जोडी. जो त्या जोडीत बसत नाही, तो विषम, तिसरा माणूस म्हणजे नॉनपेर. इंग्रजीत आल्यावर तो 'नूमपेर' झाला.

14व्या शतकात विल्यम लँगलंडच्या 'पीअर्स प्लाउमन' या दीर्घकाव्यात तो भेटतो, तोही चक्क दारूच्या गुत्त्यात. क्लेमंट नावाचा मोची अदलाबदलीसाठी अंगावरचा झगा काढून टाकतो, हिक नावाचा मोतद्दार डोक्यावरची टोपी. मोल ठरवायला बसलेल्यांचं काही केल्या एकमत होईना. मग दोर वळणाऱ्या रॉबिनला उठवून नूमपेर नेमतात. निवाडा असा, की झगा हिकला, टोपी क्लेमंटला, आणि वर क्लेमंटने पेला भरायचा. राजदरबार नाही, कायद्याचं पुस्तक नाही, तरी तंटा मिटला! मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

मग 'न' गेला कुठे? इंग्रजीत नामाआधी 'अ' किंवा 'ॲन' येतं. 'अ नूमपेर' भरभर बोलताना 'ॲन ऊमपेर' ऐकू येऊ लागलं आणि 'न' मागच्या शब्दाला चिकटला तो कायमचा. 'एप्रन'ही आधी 'नेप्रन' होता, नॅपकिनचा भाऊबंद. 'निकनेम'च्या बाबतीत मात्र उलटं घडलं. मूळचा शब्द 'ईकनेम', म्हणजे जादाचं नाव; त्याला 'ॲन'मधला 'न' आयता मिळाला.

क्रिकेटच्या 1744च्या नियमांत अंपायर आहेत, आणि खेळाडूने दाद मागितल्याशिवाय कुणालाही बाद देऊ नये, हेही आहे. रॉबिनसुद्धा बोलावल्यावरच उठला होता.

नोव्हेंबर 1992मध्ये डर्बन कसोटीत आपला सचिन तेंडुलकर 11 धावांवर असताना धावबादचं अपील झालं. मैदानावरच्या पंचांनी निर्णय टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्यावर सोपवला, आणि रीप्ले पाहून बाद ठरलेला सचिन पहिला फलंदाज झाला. या नव्या पंचाला नाव मिळालं 'थर्ड अंपायर'. मूळ अर्थ धरला, तर तिसरा तिसरा.

नमस्कार.