शंभर यार्डांची रेघ

पर्वतीचा पायथा, मधली सुट्टी. महापालिकेच्या या शाळेतली नववीची मुलं टेप घेऊन फाटकाबाहेर पडली आहेत. खेळाच्या खोलीतला तीस मीटरचा टेप, एरवी लांब उडीला लागतो.

मुलांनी मोजायला सुरुवात केली ती शाळेच्या पायरीपासून. बाईंनी थांबवलं. शंभर यार्ड धरायचे ते आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून. म्हणजे टेप तीनदा पूर्ण उलगडायचा, वर साधारण दीड मीटर. एवढ्या टापूत तंबाखूची कुठलीही वस्तू विकायची नाही, असं २००३चा कायदा सांगतो. या गल्लीत ते अंतर आजवर कुणी मोजलंच नव्हतं.

मध्ये रिक्षा आली. टेप गुंडाळला, पुन्हा धरला. दुसऱ्यांदा संपला तिथंच पहिली टपरी. पुड्यांच्या माळा कुठवर आल्यात बघा. मोठ्या माणसाला वाकावं लागेल, पाचवीतल्या पोराच्या मात्र बरोबर डोळ्यांसमोर. खाली बरणीत लिमलेटच्या गोळ्या. रेघेच्या आत अशा तीन टपऱ्या निघाल्या. मुलांनी वहीत नकाशा काढला, तोच या विक्रीविरुद्धच्या अर्जाला जोडला. व्याख्यानं या मुलांनी खूप ऐकली आहेत. हा टेप मात्र त्यांनी स्वतः धरलाय, आणि आम्हाला त्याचंच मोल वाटतं.

२०१९च्या देशपातळीवरच्या पाहणीत १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू घेताना आढळली. साठ मुलांच्या वर्गात पाच.

वर्गात आता तीन बोटांची चाचणी. बोटं जुळवून उभी तोंडात घालायची. सुपारी-गुटख्यानं गाल आतून कडक होत जातात, तोंड उघडेनासं होतं. हसणं, ढकलाढकली चालू आहे. मागच्या बाकावर एकाची दोनच बोटं गेली. तो पुन्हा करून बघतोय. त्याचा चेहरा आम्ही दाखवत नाही. त्याला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे.

पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, ‘बाई, आजी तव्यावर भाजते ती मिश्री पण तंबाखूच का?’ बाई हो म्हणतात.

आठवड्यानं दोन टपऱ्यांवरच्या माळा उतरल्या. तिसरीवर अजून आहेत.

आणि ही पिवळी रेघ. ब्रश चौघांत एकच, त्यामुळे पाळी लावली आहे. रंग ओला आहे तोवर दोघं गाड्या अडवायला उभे. ‘काका, बाजूनं घ्या ना!’